पपी लिनक्स

पपी लिनक्स : जुन्या किंवा कमी ताकदीच्या घरगुती संगणकासाठी बनवलेली, संपूर्णपणे रॅममधून (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून) चालू शकणारी हलकी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी मुक्त संगणकप्रणाली. ऑस्ट्रेलियातील बॅरी काउलर यांनी तिची पहिली आवृत्ती १८ जून २००३ रोजी प्रसिद्ध केली. नाव त्यांच्या चिवावा जातीच्या कुत्र्यावरून पडले. हार्ड डिस्कवर काहीही न बसवता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते आणि ड्राइव्ह काढला की पूर्वीची विंडोज जशीच्या तशी सुरू होते. घरातला एकुलता एक संगणक धोक्यात न घालता लिनक्स पाहायची असेल, तर याहून सोपी वाट सापडणे कठीण.

पपी ही एकच एक प्रणाली नसून एक कुटुंब आहे. ‘वूफ’ हे साधन दुसऱ्या एखाद्या लिनक्सचे तयार घटक उचलते आणि त्यांतून पपी घडवते. ल्युसिड पपी (२०१०) आणि फॉसापप (२०२०) उबुंटूच्या घटकांवर उभ्या आहेत, स्लॅको स्लॅकवेअरच्या, तर बुकवर्मपप डेबियन १२ च्या. काउलर २०१३ मध्ये नेतृत्वातून बाजूला झाले. तेव्हापासून स्वयंसेवकच हे काम चालवतात.

वेगाचे मर्म रचनेत आहे. जुना संगणक रडतखडत चालतो त्याला अनेकदा प्रोसेसरपेक्षा फिरत्या तबकडीची हार्ड डिस्कच जास्त कारणीभूत असते. पपीची मूळ प्रणाली ‘एसएफएस’ प्रकारच्या एका दाबून बसवलेल्या फाइलमध्ये मावते. आवृत्तीनुसार ही फाइल काहीशे एमबीची असते. रॅम पुरेशी असेल तर सुरू होतानाच ती रॅममध्ये उतरवली जाते आणि त्यानंतर डिस्ककडे फारसे जावे लागत नाही. या मूळ फाइलमध्ये काहीच लिहिले जात नाही. वापरणाऱ्याने केलेले बदल तिच्यावरच्या वेगळ्या थरात साठतात. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून खुणा कराव्यात, तसे. थर टाकून दिला की मूळ प्रत कोरीच्या कोरी. काही बिघडले तर सुरू होताना ‘पीफिक्स=रॅम’ (pfix=ram) हा पर्याय द्यावा, म्हणजे साठवलेले बदल बाजूला ठेवून पपी नव्याने उभी राहते.

वापरून पाहण्यासाठी आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणालीची एकसंध प्रत) उतरवून रुफस किंवा एचर यांसारख्या साधनाने पेन ड्राइव्हवर लिहितात. त्या ड्राइव्हवर आधी असलेले सगळे पुसले जाते, हे आधीच ध्यानात घ्यावे. मग संगणक सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीगणिक कळ बदलते) दाबून बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडायचा. सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी संगणकातील सोय) आडवे आले तर ते तेवढ्यापुरते बंद करावे लागते. पडदा उजळला की भाषा, वेळ आणि कळफलक विचारणारी छोटी खिडकी येते. फाइली दाखवणारा रॉक्स-फाइलर एका क्लिकनेच उघडतो. विंडोजच्या सवयीने दोनदा क्लिक केले की त्याच फाइलच्या दोन खिडक्या समोर येतात. डेस्कटॉपच्या खालच्या कडेला संगणकातील डिस्कच्या भागांची चित्रे असतात. त्यावर क्लिक केले की विंडोजमधले फोटो, कागदपत्रे दिसू लागतात, म्हणून विंडोज सुरूच होत नसलेल्या संगणकातून फोटो वाचवायला पपी फार उपयोगी पडते. मात्र विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ (पूर्ण बंद न होता झटपट सुरू होण्याची सोय) चालू असेल, तर तो भाग बहुधा फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही.

पहिल्यांदा बंद करताना पपी विचारते, आजचे बदल साठवायचे का? ‘नाही’ म्हटले तर वायफायचा पासवर्डसुद्धा मागे राहत नाही. ‘होय’ म्हटले तर पेन ड्राइव्हवर वा डिस्कवर एक सेव्ह-फाइल किंवा फोल्डर तयार होतो आणि पुढच्या वेळी सगळे जागच्या जागी सापडते. पेन ड्राइव्हवर सतत लिहिले जाऊन तो झिजू नये, म्हणून बदल आधी रॅममध्ये राहतात आणि ठरावीक अंतराने किंवा ‘सेव्ह’चे बटण दाबल्यावर उतरवले जातात. मध्येच वीज गेली तर शेवटच्या सेव्हनंतरचे काम हातचे जाते. बॅटरी संपलेल्या लॅपटॉपवर हे विसरून चालत नाही.

मराठी वाचकाला पहिला अडथळा अक्षरांचा येतो. अनेक आवृत्त्यांत देवनागरी फॉन्ट नसतो, मग मराठी पानावर नुसते चौकोन दिसतात. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित फॉन्ट ‘रूट’ फोल्डरमधील लपलेल्या ‘.फॉन्ट्स’ (.fonts) या फोल्डरमध्ये ठेवून ब्राउझर पुन्हा उघडला की जोडाक्षरांसकट मजकूर नीट दिसतो. टंकलेखनासाठी कळफलकाच्या मांडणीत भारतीय इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कळमांडणी) जोडता येते.

पपीत वापरणारा सरसकट ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी असतो, यावर पुष्कळ टीका झाली आहे, आणि ती रास्त आहे. नव्या आवृत्त्यांत ब्राउझर ‘स्पॉट’ नावाच्या मर्यादित अधिकाराच्या खात्याने चालवण्याची सोय आहे, ती वापरावीच.

खरी मर्यादा ब्राउझरची आहे. प्रणाली कितीही हलकी असली तरी आजची संकेतस्थळे हलकी होत नाहीत; १ जीबी रॅममध्ये पपी ऐटीत चालते, पण चार टॅब आणि एक व्हिडिओ उघडला की दम लागतो. क्रोमने ३२ बिट लिनक्सला २०१६ मध्येच सोडले, २०२१ पासून त्याला एसएसई३ हा सूचनांचा संच नसलेला जुना प्रोसेसर चालत नाही, आणि फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये ३२ बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या थांबवल्याचे जाहीर केले. त्यामुळे ६४ बिट प्रोसेसर आणि २ ते ४ जीबी रॅम असलेला, विंडोज ११ ने नाकारलेला संगणक पपीवर रोजच्या वापराला पुरतो. त्याहून जुना ३२ बिट संगणक मात्र लिहिणे, गाणी ऐकणे, हिशेबाचे तक्ते आणि जुना प्रिंटर यांसाठी ठेवावा. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत.