पात्याच्या टोकाचा वेग: रशियन बॉम्बफेकी विमान आणि लढाऊ हेलिकॉप्टर

टीयू-९५ हे रशियाचे लांब पल्ल्याचे बॉम्बफेकी विमान आणि एमआय-२४ हे त्याच देशाचे लढाऊ हेलिकॉप्टर यांच्यात वरवर पाहता काहीही साम्य दिसत नाही. पहिल्याच्या पंखांचा विस्तार ५० मीटर असून ते महासागर ओलांडून जाण्यासाठी बांधलेले आहे, तर दुसरे झाडांच्या शेंड्यांलगत उडत रणगाड्यांवर मारा करते. तरीही या दोन यंत्रांत एक आकडा जवळजवळ सारखा आहे. टीयू-९५ चा प्रोपेलर ५.६ मीटर व्यासाचा असून तो मिनिटाला सुमारे ७५० फेरे घेतो. एमआय-२४ चा मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावर फिरणारा पात्यांचा पंखा, १७.३ मीटर व्यासाचा असून त्याचे मिनिटाला सुमारे २४० फेरे होतात. परिघ काढून त्याला दर सेकंदाच्या फेऱ्यांनी गुणले, तर पात्याच्या टोकाचा वेग दोन्हीकडे सेकंदाला साधारण २२० मीटर येतो.

हा योगायोग नाही. फिरणाऱ्या पात्याच्या आधाराने उडणाऱ्या प्रत्येक यंत्राला ध्वनीच्या वेगाचा विचार करावा लागतो. जमिनीलगत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो आणि दहा किलोमीटर उंचीवरच्या गोठवणाऱ्या हवेत हा वेग ३०० मीटरपर्यंत खाली येतो. पात्याचे टोक या वेगाजवळ गेले की समोरच्या हवेला बाजूला सरायला अवधी मिळत नाही, ती दाबली जाऊन तिचे आघात-तरंग तयार होतात, हवेचा रोध एकदम वाढतो आणि इंजिनाची शक्ती यंत्राला पुढे नेण्याऐवजी आवाज व कंपने निर्माण करण्यात खर्च होऊ लागते. म्हणून अभियंता टोकाचा वेग मुद्दाम मर्यादेत ठेवतो. पण या वेगात यंत्राचा स्वतःचा वेगही मिसळतो, आणि तो कसा मिसळतो यावरच या दोन यंत्रांचा पुढचा सारा इतिहास ठरला आहे.

आधी विमानाचा विचार करू. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला अमेरिकेपर्यंत जाऊन परत येऊ शकेल असे बॉम्बफेकी विमान हवे होते. त्या काळची जेट इंजिने वेगवान होती, मात्र त्यांना इंधन फार लागत असे. विमानरचनाकार व्लादिमीर म्यासिश्चेव्ह यांनी जेट इंजिनांचा मार्ग पत्करून एम-४ हे विमान बनवले. ते १९५३ च्या जानेवारीत उडाले, पण त्याचा पल्ला अपेक्षेपेक्षा बराच कमी भरला. टीयू-९५ चे रचनाकार आंद्रेई तुपोलेव्ह यांचा भर मात्र टर्बोप्रॉपवर होता. टर्बोप्रॉपमध्ये जेट इंजिनाचाच गाभा असतो, पण त्याची बहुतेक शक्ती गरम वायूच्या झोताऐवजी प्रोपेलर फिरवण्यासाठी वापरली जाते. थोड्या हवेला प्रचंड वेग देण्यापेक्षा पुष्कळ हवेला थोडा वेग देणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडते आणि मोठा प्रोपेलर नेमके हेच काम करतो.

या विमानासाठी निकोलाय कुझनेत्सोव्ह यांच्या कारखान्यात, युद्धानंतर सोव्हिएत संघात आणलेल्या जर्मन अभियंत्यांच्या सहभागाने, एनके-१२ हे इंजिन तयार झाले. त्याची शक्ती सुमारे १५,००० अश्वशक्ती असून आजही याहून ताकदवान टर्बोप्रॉप वापरात नाही. खरी अवघड जागा होती ती गिअरपेटीची. टर्बाइन मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेते. ते साडेसातशेवर आणायचे आणि एवढी शक्ती दोन उलट दिशांना फिरणाऱ्या दांड्यांत वाटायची, हे काम त्या काळच्या धातुविज्ञानाच्या अगदी सीमेवरचे होते. पहिला नमुना १२ नोव्हेंबर १९५२ रोजी उडाला. त्यात एनके-१२ नव्हते. त्याच्या आधीची, दोन-दोन एकत्र जोडलेली इंजिने होती. ११ मे १९५३ रोजी त्यांपैकी एकाची गिअरपेटी निकामी होऊन आग लागली आणि विमान कोसळले. मुख्य वैमानिक अलेक्सेई पेरेल्योत यांचा त्यात मृत्यू झाला. नव्या इंजिनांचा दुसरा नमुना उडायला १९५५ चा फेब्रुवारी उजाडला.

आता टोकाच्या वेगाकडे परत येऊ. विमानाचा प्रोपेलर उड्डाणाच्या दिशेला काटकोनात फिरतो, त्यामुळे विमानाचा वेग आणि टोकाचा फिरण्याचा वेग यांची साधी बेरीज होत नाही. पायथागोरसच्या नियमाने ते एकत्र येतात. विमान ताशी ८३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे २३० मीटर वेगाने जात असेल आणि टोक २२० मीटरने फिरत असेल, तर त्या टोकाचा हवेतला खरा वेग सेकंदाला सुमारे ३१८ मीटर होतो. दहा किलोमीटर उंचीवर हा ध्वनीपेक्षा अधिक वेग आहे. म्हणजे विमान ध्वनीपेक्षा हळू जात असताना त्याच्या पात्यांची टोके ध्वनीची मर्यादा ओलांडून फिरत असतात. तुपोलेव्ह यांच्या अभियंत्यांनी हे नुकसान पत्करले, पण ते पात्याच्या टोकाकडच्या थोड्या भागापुरतेच राहील अशी मांडणी केली.

त्या मांडणीचा कणा म्हणजे प्रत्येक इंजिनावर एकामागे एक बसवलेले आणि परस्परविरुद्ध फिरणारे चार-चार पात्यांचे दोन प्रोपेलर. एवढी शक्ती एकाच प्रोपेलरमधून हवेला द्यायची, तर त्याचा व्यास खूप वाढवावा लागला असता किंवा तो अधिक वेगाने फिरवावा लागला असता, आणि दोन्ही मार्गांनी टोक ध्वनीच्या मर्यादेपलीकडे फार दूर गेले असते. दोन प्रोपेलरांत शक्ती विभागल्यामुळे हे टळले. शिवाय पुढचा प्रोपेलर हवेला मागे ढकलताना तिला गोल पीळही देतो, आणि त्या पिळात अडकलेली ऊर्जा एरवी वाया जाते. उलट फिरणारा मागचा प्रोपेलर तो पीळ सोडवतो आणि त्या ऊर्जेतून आणखी थोडा रेटा मिळवतो. याची किंमत आवाजाच्या रूपाने मोजावी लागते, कारण मागची पाती सतत पुढच्या पात्यांनी ढवळलेल्या हवेला छेदत असतात आणि टोकांवरचे आघात-तरंग त्यात भर घालतात.

या विमानापासूनच टीयू-११४ हे प्रवासी विमान बनले. १९६० साली त्याने पंचवीस टन भार घेऊन पाच हजार किलोमीटरच्या मार्गावर सरासरी ताशी ८७७ किलोमीटर वेग नोंदवला. प्रोपेलरच्या विमानासाठी हा वेग आजही थक्क करणारा आहे. साठच्या दशकात एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीची ही विमाने मॉस्कोहून दिल्लीला येत असत. याच कुळातले टीयू-१४२ हे सागरी टेहळणीचे विमान १९८८ मध्ये भारतीय नौदलात आले आणि सुरुवातीला गोव्याच्या आयएनएस हंसा या तळावर राहिले. १९९२ मध्ये ही आठ विमाने तमिळनाडूतील आरक्कोणमला गेली आणि २०१७ च्या मार्चमध्ये निवृत्त झाली.

हेलिकॉप्टरची अडचण याहून अधिक विचित्र आहे, आणि मला ती अधिक विचार करायला लावणारी वाटते. त्याचा रोटर आडवा फिरतो, म्हणजे उड्डाणाची दिशा आणि पात्यांची फिरण्याची पातळी जवळपास एकच असते. त्यामुळे एका बाजूला पाते पुढे येताना हेलिकॉप्टरचा वेग त्याच्या वेगात मिळवला जातो आणि दुसऱ्या बाजूला पाते मागे जाताना तो वजा होतो. एमआय-२४ ताशी ३३० किलोमीटरने जात असेल, तर पुढे येणाऱ्या पात्याचे टोक हवेत सेकंदाला सुमारे ३०९ मीटर वेगाने जाते, तर मागे जाणाऱ्याचे केवळ १२५ मीटरने. एक बाजू ध्वनीच्या मर्यादेला टेकू पाहते आणि दुसऱ्या बाजूला हवेचा वेग इतका उतरतो, की पाते कितीही तिरपे केले तरी ते पुरेशी उचल देऊ शकत नाही आणि शेवटी स्टॉल होते, म्हणजे त्याच्यावरचा हवेचा प्रवाह सुटून उचल कोसळते. रोटर जलद फिरवावा तर पहिली अडचण वाढते आणि हळू फिरवावा तर दुसरी. सर्वसाधारण हेलिकॉप्टर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अडकून पडते, ते याच कात्रीमुळे.

मिखाईल मिल यांच्या कारखान्याने या कात्रीतून थोडी वाट काढली. एमआय-२४ ला दोन्ही बाजूंना आखूड पंख आहेत. त्यांच्याखाली क्षेपणास्त्रे आणि रॉकेट लटकवतात हे सर्वांना दिसते, पण वेगात असताना एकूण उचलेचा सुमारे पाव भाग हेच पंख देतात, हे त्यांचे काम तेवढेच महत्त्वाचे आहे. रोटरवरचा भार हलका झाला की मागे जाणारे पाते स्टॉल होण्याची वेळ पुढे ढकलली जाते. १९७८ मध्ये याच हेलिकॉप्टरच्या हलक्या केलेल्या आवृत्तीने ताशी ३६८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला, जो १९८६ पर्यंत टिकला. भारतीय हवाई दलाने एमआय-२५ आणि एमआय-३५ या नावांनी याच घराण्यातली हेलिकॉप्टरे वापरली आणि श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेतही ती होती.

निकोलाय कामोव्ह यांच्या कारखान्याने वेगळाच मार्ग धरला, आणि तो टीयू-९५ च्या प्रोपेलरांची आठवण करून देणारा आहे. इंजिन रोटरला एका दिशेने फिरवते, तेव्हा न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हेलिकॉप्टरचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. बहुतेक हेलिकॉप्टरांत हे रोखण्यासाठी शेपटीवर छोटा पंखा असतो आणि तो इंजिनाच्या शक्तीचा साधारण दहावा हिस्सा खातो. कामोव्ह यांनी एकाच अक्षावर दोन रोटर एकावर एक बसवून ते उलट दिशांना फिरवले. दोघांच्या प्रतिक्रिया एकमेकींना रद्द करतात, शेपटीच्या पंख्याची गरज उरत नाही आणि पुढे येणारे पाते दोन्ही बाजूंना असल्यामुळे उचलेचा तोलही साधला जातो. शेपूट आखूड ठेवता येत असल्याने ही रचना युद्धनौकेच्या छोट्या डेकसाठी सोयीची ठरली. सोव्हिएत आरमाराने ती उचलली आणि भारतीय नौदलातही कामोव्ह-२५, कामोव्ह-२८ आणि रडार वाहणारे कामोव्ह-३१ ही हेलिकॉप्टरे आली. कामोव्ह-३१ ची तुकडी आयएनएस हंसावरच उभी राहिली, त्यामुळे उलट फिरणाऱ्या जोडपात्यांची विमाने आणि हेलिकॉप्टरे दोन्ही दाबोळीच्या धावपट्टीने पाहिलेली आहेत.

हीच रचना लढाऊ हेलिकॉप्टरसाठी वापरण्याचे धाडस १९८२ मध्ये प्रथम उडालेल्या, कामोव्ह कारखान्याच्याच केए-५० मध्ये दिसले. त्यात एकच वैमानिक होता. पुढे १९९७ मध्ये केए-५२ आले आणि त्यात दोन वैमानिक शेजारी-शेजारी बसू लागले. शेपटीचा पंखा नसताना हेलिकॉप्टरचे नाक वळवायचे कसे, याचे उत्तर सुंदर आहे. वैमानिकाने पेडल दाबले की एका रोटरच्या पात्यांचा कोन वाढतो आणि दुसऱ्याचा तेवढाच घटतो. एकूण उचल तीच राहते, पण दोघांच्या प्रतिक्रिया समान न राहिल्यामुळे सांगाडा हळूच वळतो. म्हणून हे हेलिकॉप्टर लक्ष्याकडे नाक रोखून त्याच्याभोवती आडवे सरकत घिरट्या घालू शकते. शेपटीवर गोळी लागून पंखा बंद पडला तर नेहमीचे हेलिकॉप्टर गरगर फिरू लागते. तो धोकाही इथे नाही. आणखी एक सोय या यंत्रांत आहे: संकटाच्या वेळी आधी स्फोटकांनी रोटरची पाती उडवली जातात आणि मग रॉकेटच्या साहाय्याने वैमानिकाला आसनासह बाहेर खेचले जाते. डोक्यावर पाती फिरत असल्यामुळे हेलिकॉप्टरमधून असे निसटणे एरवी अशक्यच असते.

मात्र दोन रोटर जवळजवळ असण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. पाती लवचीक असतात. तीव्र वळणात वरची खाली झुकतात, खालची वर उचलली जातात आणि त्यांच्यातले अंतर घटते. १७ जून १९९८ रोजी रशियातील तोर्झोक येथे केए-५० ची पाती अशीच एकमेकांवर आदळली आणि मेजर जनरल बोरिस वोरोब्योव्ह मृत्युमुखी पडले. ते तेथील लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख आणि अत्यंत अनुभवी वैमानिक होते.

पात्यांच्या टोकाला असलेली ध्वनीच्या वेगाची मर्यादा टाळण्याचा सरळ उपाय म्हणजे पातीच सोडून देणे. टीयू-१६० या बॉम्बफेकी विमानात तेच केले आहे. १९८१ मध्ये उडालेल्या या विमानाला चार प्रचंड जेट इंजिने असून त्याचे पंख २० ते ६५ अंशांपर्यंत मागे वळतात, त्यामुळे ते उड्डाण करताना रुंद पंखांचे असते आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाकडे जाताना बाणासारखे निमुळते होते. पण अशी विमाने फार महाग पडतात आणि ती थोडीच बनली. जुने टीयू-९५ टिकले याचे कारण क्षेपणास्त्रांत आहे. हजारो किलोमीटर जाणारे क्रूझ क्षेपणास्त्र दुरूनच सोडता येऊ लागल्यावर शत्रूच्या आकाशात वेगाने घुसण्याची गरज उरली नाही. दीर्घकाळ हवेत राहणारे, काटकसरी विमान पुरेसे ठरले.

या काटकसरीचे परिणाम २०२२ पासून युक्रेनची शहरे भोगत आहेत. वोल्गाकाठच्या एंगेल्ससारख्या तळांवरून उडालेली टीयू-९५ विमाने स्वतः सुरक्षित राहून क्षेपणास्त्रे सोडतात, आणि ती वीजकेंद्रांवर व वस्त्यांवर कोसळतात. या यंत्रांतले विज्ञान समजून घेताना त्यांनी घेतलेले जीव नजरेआड करणे मला शक्य नाही. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांतून रशियात नेलेल्या छोट्या ड्रोनांनी इर्कुत्स्क आणि मुर्मान्स्क भागांतल्या तळांवर उभी असलेली अनेक बॉम्बफेकी विमाने जाळली. टीयू-९५ चे उत्पादन नव्वदच्या दशकाच्या आरंभीच थांबलेले असल्याने त्या विमानांची जागा नवी टीयू-९५ घेऊ शकत नाहीत.

कामोव्ह यांच्या मांडणीचा पुढचा टप्पा सध्या तरी अमेरिकेत दिसला आहे. सिकोर्स्की कंपनीच्या एक्स-२ या प्रायोगिक हेलिकॉप्टरमध्ये उलट फिरणारे दोन रोटर आहेत, पण त्यांची पाती अतिशय ताठ आहेत, त्यामुळे ती झुकून एकमेकांवर आदळण्याचा धोका कमी होतो. हवेला मागे ढकलणारा स्वतंत्र प्रोपेलर त्याला पुढे रेटतो, आणि दोन्ही बाजूंना पुढे येणारे पाते असल्यामुळे मागे जाणाऱ्या पात्याकडून उचलेची अपेक्षाच ठेवावी लागत नाही. २०१० मध्ये त्याने ताशी सुमारे ४६० किलोमीटर वेग गाठला. त्या वेगाला पोहोचताना मुख्य रोटरचे फेरे मुद्दाम कमी करावे लागले, कारण तसे केले नसते तर पुढे येणाऱ्या पात्याचे टोक ध्वनीच्या वेगाला भिडले असते.