काळाची खूण एकदाच
इंग्रजीचा भूतकाळ आणि भविष्यकाळ: आमच्या वर्गात नव्याने येणाऱ्यांसाठी

'आय डिड नॉट वेंट.' नव्याने शिकणाऱ्यांच्या तोंडी आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकतो ते हे वाक्य. बोलणाऱ्याला 'वेंट' येतं, 'डिड'ही येतं, आणि घोटाळा तिथेच होतो. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच करायची असते. 'डिड'ने ती उचलली की पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं: 'आय डिड नॉट गो', 'डिड यू गो?'. 'विल'नंतरही मूळ रूपच येतं. 'शी विल गो' म्हणायचं, 'शी विल गोज' नाही.

एका बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे. मराठीत गेलो, गेले, गेलास, गेली, गेल्या अशी रूपं बदलतात. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'वेंट'. आपण पत्र लिहिलं म्हणतो पण चिठ्ठी लिहिली म्हणतो. तिथे दोन्हींना 'रोट' चालतं. अपवाद फक्त 'बी'चा, त्याला 'वॉज' आणि 'वेअर' अशी दोन रूपं आहेत.

बहुतेक क्रियापदांना भूतकाळात 'ई-डी' लागतो. लिहिताना 'स्टॉप'चा शेवटचा 'पी' दुप्पट होतो आणि 'स्टडी'तल्या 'वाय'च्या जागी 'आय' येतो. 'व्हिजिट'चा 'टी' मात्र दुप्पट करायचा नाही, कारण जोर पहिल्या अक्षरावर आहे. उच्चाराकडे जास्त लक्ष द्या. 'वॉक-एड' असा उच्चार नसतो, म्हणायचं 'वॉक्ट'. क, प, स, श, च, फ या ध्वनींनंतर शेवटी 'ट' ऐकू येतो, 'प्ले' किंवा 'ओपन'सारख्या शब्दांनंतर 'ड'. वेगळा 'इड' फक्त ट आणि ड यांच्यानंतर: 'वॉन्टिड', 'नीडिड'.

अनियमित क्रियापदांची सगळ्यांना धास्ती असते. बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक, टेक, कम, सी ही रोजची क्रियापदं सगळी अनियमित आहेत, हे खरं. पण भाषेत नव्याने येणारं क्रियापद जवळपास नेहमीच 'ई-डी' घेतं, त्यामुळे यादी फारशी वाढत नाही. आणि 'गो'चा 'वेंट' विचित्र वाटत असेल, तर आपल्या 'जा'कडे पाहा: त्याचा 'गेला' होतो. 'वेंट' हा मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. तो 'गो'ने आपलासा केला. यादी अकारविल्हे पाठ करू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. कुटुंबं करून म्हणा: सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक, बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, थिंक-थॉट, सेंड-सेंट, स्पेंड-स्पेंट. कट, पुट, हिट बदलतच नाहीत. 'रीड' लिहिताना तसाच राहतो, वाचताना मात्र 'रेड' होतो.

'मी त्याला पाहिलं आहे' हे 'आय हॅव सीन हिम'. पण 'काल' हा शब्द आला की 'हॅव' काढून टाका: 'आय सॉ हिम येस्टरडे'. वेळ सांगितली की साधा भूतकाळ.

आता भविष्यकाळ. 'ई-डी'सारखा भविष्याचा प्रत्यय इंग्रजीत नाही, म्हणून मदतीला दुसरे शब्द घ्यावे लागतात. आधीच ठरवलेलं असेल, 'मी परीक्षेला बसणार आहे', तर 'आय ॲम गोइंग टू'. त्या क्षणी ठरवलं, तर 'आय विल'. फोन वाजतो आणि आपण म्हणतो, 'मी घेतो'. इथे मराठीत वर्तमानकाळ आहे, इंग्रजीत 'आय विल गेट इट'. गाडीच्या वेळापत्रकासाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स टुमॉरो'. 'शॅल' आता मुख्यतः 'खिडकी उघडू का?' अशा विचारण्यात उरला आहे.

आमच्या मते खरी अडचण पुढे आहे, आणि तिच्यावर वर्गात आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो. आपण मराठी माणसं भविष्याबद्दल बोलताना सर्रास भूतकाळ वापरतो. हाक आली की 'आलोच!' म्हणतो, निघालेलो नसलो तरी. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग' हवं. 'आय केम' म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. तसंच 'पाऊस पडला तर मी घरी थांबेन'. पाऊस अजून पडायचाय, तरी आपण 'पडला' म्हणतो. इंग्रजी तिथे वर्तमानकाळ घेते: 'इफ इट रेन्स, आय विल स्टे ॲट होम'. 'इफ'च्या भागात 'रेन्ड' नाही आणि 'विल'ही नाही. भविष्याची खूण दुसऱ्या भागाने घेतली आहे. 'ती आली की सांगेन' हेही असंच: 'आय विल टेल यू व्हेन शी कम्स'. म्हणून मराठी रूप उचलून इंग्रजीत ठेवू नका. आधी विचारा, ही गोष्ट घडून गेली का, की घडायची आहे?

पहिल्या तासाला एक कागद सोबत आणा. अर्ध्या पानावर काल काय केलं ते, उरलेल्या अर्ध्यावर उद्या काय करणार ते इंग्रजीत लिहा. शब्दकोश बघू नका, कुणाकडून दुरुस्तही करून घेऊ नका. त्या कागदावर आम्ही फक्त काळाच्या खुणा अधोरेखित करतो आणि तुमचा सराव कुठून सुरू करायचा ते तुमच्यासोबत बसून ठरवतो.