रशियाच्या भूगोलातील विलक्षण गोष्टी

क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठा असलेला रशिया सुमारे १ कोटी ७१ लाख चौ. किमी. भूमीवर, म्हणजे भारताच्या पाचपटींहून अधिक प्रदेशावर पसरला आहे. मात्र त्याची लोकसंख्या १५ कोटींच्याही आत आहे. देशाची तीन-चतुर्थांश भूमी उरल पर्वताच्या पूर्वेस आशियात आहे आणि जवळपास तीन-चतुर्थांश लोक त्याच्या पश्चिमेस युरोपीय भागात राहतात. पश्चिमेला नॉर्वे आणि पूर्वेला उत्तर कोरिया असे दोन्ही देश रशियाला लागून आहेत. तथापि निव्वळ आकारापेक्षा या देशाचे हवामान आणि त्याच्या नद्यांची दिशा अधिक चकित करणारी आहे.

उत्तरेकडे जावे तशी थंडी वाढते, ही सर्वसाधारण समजूत रशियात पुरती लागू पडत नाही. येथे हिवाळा पूर्वेकडे अधिक कडक होत जातो. मुर्मान्स्क हे बंदर आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस, जवळजवळ ६९° अक्षांशावर आहे. परंतु उत्तर अटलांटिक प्रवाहाचे तुलनेने उबदार पाणी तिथवर पोहोचत असल्यामुळे ते हिवाळ्यातही जहाजांना खुले राहते. याउलट पॅसिफिक किनाऱ्यावरील व्लादिव्होस्तोक ४३° अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ फ्रान्समधील मार्सेच्या ओळीत असूनही आशिया खंडाच्या अंतर्भागातून येणाऱ्या कोरड्या, बर्फाळ वाऱ्यांमुळे जानेवारीत मुर्मान्स्कहून थोडे अधिकच थंड असते आणि तेथील उपसागर गोठल्यावर बर्फ फोडणारी जहाजे वापरून बंदर चालू ठेवावे लागते. सायबीरियात समुद्राचा हा आधार जवळजवळ संपतो. हिवाळ्यात तेथे जास्त वायुभाराचे क्षेत्र ठाण मांडून बसते, आकाश निरभ्र राहते, जमिनीतील उष्णता निघून जाते आणि जड झालेली थंड हवा डोंगरांमधल्या दऱ्यांत साचते. व्हर्खोयान्स्क या छोट्या गावी १८९२ मध्ये तापमान उणे ६७ अंश सेल्सिअसच्याही खाली गेले होते. त्याच गावी २० जून २०२० रोजी ३८ अंशांची नोंद झाली. एकाच ठिकाणी १०५ अंशांहून अधिक तफावत हा खंडांतर्गत हवामानाचा याहून ठळक नमुना क्वचितच सापडेल.

देशाच्या निम्म्याहून अधिक भूमीखाली कायमची गोठलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, आहे. याकुत्स्क शहरात एकोणिसाव्या शतकात शेर्गिन नावाच्या एका व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्याने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. वर्षानुवर्षे खोदकाम चालले, खोली ११६ मीटरपर्यंत गेली, तरी खाली गोठलेली जमीनच लागत राहिली. पाणी लागले नाही, पण पुढे शास्त्रज्ञांनी याच खड्ड्यात निरनिराळ्या खोलीवरची तापमाने मोजली आणि विज्ञानाला त्याचा मोठाच लाभ झाला. या शहरातील इमारती आजही जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर उभ्या असतात. त्यांच्या तळमजल्याखाली मुद्दाम मोकळी जागा सोडतात, कारण घरातील ऊब जमिनीत उतरली तर ती वितळून भिंती खचतात.

ओब, येनिसे आणि लेना या सायबीरियातील तिन्ही महानद्या उत्तरेस आर्क्टिक महासागराकडे वाहतात. वसंतात त्यांचे दक्षिणेकडील वरचे पात्र आधी वितळते, पण उत्तरेकडील खालचे पात्र अजून गोठलेलेच असते; त्यामुळे वाहून आलेले हिमखंड अडकून त्यांचे बांध तयार होतात आणि पाणी मागे फुगते. मे २००१ मध्ये लेनेकाठच्या लेन्स्क शहराची अशाच पुराने मोठी हानी झाली. एरवी हेच बर्फ उपयोगीही पडते. याकुत्स्कजवळ उन्हाळ्यात नदी ओलांडायला फेरीबोट लागते, तर हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच मालमोटारी धावतात.

युरोपातील सर्वांत लांब नदी व्होल्गा दक्षिणेकडे वाहते खरी, पण ती खुल्या समुद्राला न मिळता चहूबाजूंनी जमिनीने वेढलेल्या कॅस्पियन समुद्राला मिळते आणि तिचे मुख सागरपातळीच्या सुमारे २८ मीटर खाली आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्व्हेरचा व्यापारी अफनासी निकितीन याच नदीने निघाला. कॅस्पियननंतर इराण खुष्कीच्या मार्गाने ओलांडून तो होर्मुझला पोहोचला, तिथून गलबताने कोकणात चौलला उतरला आणि पुढे जुन्नर व बीदरपर्यंत गेला. नदीचा जलमार्ग महासागराला जोडलेला असता, तर हा प्रवास बराच निराळा झाला असता.

बैकल सरोवराची खोली १,६४२ मीटर असून पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे एक-पंचमांश पाणी त्या एकाच सरोवरात आहे. समुद्रापासून इतक्या दूर असूनही तेथे सील राहतात, आणि ही जात केवळ गोड्या पाण्यातच आढळते.

देशाच्या दोन टोकांचीही नोंद आवश्यक आहे. पश्चिमेस कालिनिनग्राद हा प्रांत पोलंड व लिथुएनिया यांच्यामध्ये मुख्य भूमीपासून तुटलेला आहे. पूर्वेस बेरिंग सामुद्रधुनीतील रात्मानोव्ह हे बेट अमेरिकेच्या छोट्या डायोमीड बेटापासून जेमतेम ४ किमी. अंतरावर असले, तरी मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जात असल्याने दोन्हीकडच्या तारखा बहुतेक वेळ वेगवेगळ्या असतात. या दोन टोकांमध्ये ११ प्रमाणवेळा आहेत. तरीही देशभरातील रेल्वेची वेळापत्रके मॉस्कोच्या वेळेनुसारच चालत, त्यामुळे व्लादिव्होस्तोकच्या प्रवाशाला तिकिटावरील वेळेत ७ तास मिळवूनच घरून निघावे लागे. ही पद्धत २०१८ च्या ऑगस्टमध्ये बदलली आणि तिकिटांवर स्थानिक वेळ छापली जाऊ लागली.