तिपेडी डीएनए आणि जीन टार्गेटिंग

डीएनए दोन पेडांचा असतो हे सगळे शाळेतच शिकतो, पण काही ठराविक जागी त्याला तिसरा पेडही चिकटू शकतो, आणि लॅबमध्ये बनवलेला असा छोटा पेड पाठवून एखादा नेमका जीन गाठायचा, बंद पाडायचा किंवा त्यात बदल करायचा ही झाली ट्रिपलेक्स किंवा तिपेडी पद्धत. त्या छोट्या पेडाला टीएफओ (ट्रिपलेक्स-फॉर्मिंग ऑलिगोन्यूक्लिओटाइड) म्हणतात. वेणीसारखे तीन पेड गुंफले जातात असं वाटतं पण तसं नाही, मूळचे दोन पेड सुटतही नाहीत, त्यांच्या पिळाला बाहेरून जी रुंद खाच असते तिच्यात तिसरा येऊन बसतो.

कल्पना तशी जुनी. 1957 मध्ये फेल्सेनफेल्ड, डेव्हिस आणि रिच यांना टेस्ट ट्यूबमध्ये तीन साखळ्या एकत्र दिसल्या, एक नुसत्या ए ची आणि दोन नुसत्या यू च्या (डीएनएची रासायनिक अक्षरं चार, ए, टी, जी आणि सी; त्याचा भाऊबंद आरएनए, त्यात टी ऐवजी यू), म्हणजे खरंतर आरएनएच्या, आणि त्यासाठी मॅग्नेशियम घालावं लागलं. (रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगचं डीएनएचं 1953 चं तिपेडी मॉडेल वेगळं, त्यात फॉस्फेट आतल्या बाजूला होते आणि ते साफ चुकलं होतं.) तिसरा पेड ज्या बंधांनी धरून राहतो त्यांना हूगस्टीन बंध म्हणतात. जीन टार्गेटिंगच्या अंगाने गाडी सुरू झाली ती 1987 ला, अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेत मोझर आणि डर्वन, तिकडे पॅरिसमध्ये क्लोद एलेन यांचा ग्रुप. डर्वन यांनी तर तिसऱ्या पेडाला लोखंड धरून ठेवणारा रेणू जोडला आणि डीएनए हव्या त्या जागी कापून दाखवला.

आकर्षण काय, तर अँटिसेन्स या दुसऱ्या पद्धतीवाले जीनऐवजी त्याची कामापुरती नक्कल, म्हणजे एमआरएनए, अडवतात, त्याच्या प्रती ढिगाने आणि सारख्या नव्या येत राहतात, उलट जीनच्या प्रती साधारण दोनच. गळक्या छपराखाली भांडी मांडत बसण्यापेक्षा फुटकं कौल बदललेलं बरं. शिवाय 16-17 अक्षरांचा पेड असला की हिशोबाने तो माणसाच्या तीन अब्ज अक्षरांत एकाच जागी जुळायला हवा.

पण घोडं अडतं ते इथे: तिसरा पेड फक्त ए आणि जी वाचतो, म्हणून एका बाजूला सलग ए-जी असलेला पट्टा लागतो, मध्ये एखादा सी किंवा टी आला की पकड सैल. टी आणि सी चा पेड वापरला तर सी ला जादा प्रोटॉन लागतो, म्हणजे आंबट वातावरण, आणि पेशीत ते नसतं, सी ला मिथाइल जोडून थोडं सावरता येतं. जी जास्त असलेला पेड घेतला तर पेशीतल्या पोटॅशियममुळे तो स्वतःशीच गुंडाळून चौपेडी होतो. म्हणजे इकडे आड तिकडे विहीर.

म्हणून नुसतं चिकटण्यावर न थांबता टीएफओला सोरालेन जोडायची युक्ती निघाली. हे सोरालेन आपल्या बावचीच्या बियांत असतं, कोडावर आयुर्वेदात वापरतात तीच बावची. अतिनील प्रकाश पडला की ते डीएनएचे दोन्ही पेड एकमेकांना पक्के शिवून टाकतं. येल विद्यापीठातल्या पीटर ग्लेझर यांच्या ग्रुपने यातून दाखवलं की पेशी तो बिघाड दुरुस्त करायला जाते आणि त्या जागी म्युटेशन होतं, पुढे तर 1996 मध्ये सोरालेन नसतानाही नुसत्या तिसऱ्या पेडाने दुरुस्ती यंत्रणा जागी होते हे दिसलं. माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल तिथेच आहे, जीन बंद करण्यात नाही.

पुढे डीएनएऐवजी पीएनए (डीएनएसारखाच, पण वेगळ्या कण्याचा कृत्रिम रेणू) आला, ज्याच्या कण्यावर ऋण भार नसल्याने पकड जास्त घट्ट. 2016 मध्ये बीटा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या उंदरांना पीएनए आणि दुरुस्त डीएनए नॅनोकणांतून इंजेक्शनने दिलं तेव्हा हिमोग्लोबिन नॉर्मलपर्यंत चढलं, रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल्समध्ये 7 टक्क्यांपर्यंत दुरुस्ती झाली. तोवर जीन बदलण्याच्या क्रिस्पर या दुसऱ्या पद्धतीने मात्र सगळी गर्दी खेचली होती, कारण त्याला ए-जी पट्ट्याची अट नाही.

तिपेडी डीएनए निसर्गातही बनतो, त्याला एच-डीएनए म्हणतात, तिथे डीएनएचाच एक पेड सुटून मागे वळतो. फ्रिडरायख अटॅक्सिया या शरीराचा तोल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारात जीएए ही अक्षरं शेकडो वेळा रिपीट होतात तिथे असाच गुंता होऊन फ्रॅटॅक्सिन जीनचं वाचन अडतं असं मानतात.