सेंद्रिय कापूस करायचाय, पण सरकी आणायची कुठून?

सोयाबीनचं एक बरं असतं. फूल उघडायच्या आतच परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे घरचंच बी धरलं तरी वाण बिघडत नाही, फक्त साल पातळ म्हणून मळणीत दाणे फुटतात, तेवढं पेरायच्या आधी ओल्या बारदान्यात 100 दाणे गुंडाळून बघायचं, 70 उगवले की झालं काम. खरी गोची आहे ती कापसाची.

2002 ला बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेली कपाशी, आली आणि आता विदर्भात जिकडं पाहाल तिकडं बीटी हायब्रीडच. सेंद्रिय प्रमाणपत्राचा नियम असा की सेंद्रिय बी नाही मिळालं तर औषध न चोळलेलं साधं बी चालतं, पण जनुक बदललेलं अजिबात नाही. आता कृषी केंद्रात बहुतेक पाकिटं बीटीचीच, मग ही सूट घेऊन करायचं काय!

बरं, कुठून तरी नॉन-बीटी अमेरिकन कपाशी मिळवली तरी धुऱ्यापलीकडं बीटी उभी असते आणि मधमाशी काही सातबारा बघून उडत नाही. ती पराग इकडं आणते. यातली गंमत म्हणजे त्या साली कापसात काहीच फरक दिसत नाही, कारण रुई हा सरकीच्या सालीवरचा केस, म्हणजे सगळा आईचा भाग, बापाचं जनुक जातं सरकीच्या आतल्या गर्भात. म्हणजे बोंड तुमच्या वाणाचं, अन् त्यातली काही सरकी निम्मी शेजाऱ्याची. तीच पुढच्या वर्षी पेरली की बीटी तुमच्याच वावरात उगवते.

यावर देशी कपाशी भारी उपाय आहे असं मला वाटतं. देशीच्या पेशीत गुणसूत्रं 26, अमेरिकनमध्ये 52, आणि आपल्याकडचं बीटी जवळपास सगळं अमेरिकनच, त्यामुळे तिकडचा पराग पडला तरी बी सहसा धरत नाही, चुकून धरलंच तर 39 गुणसूत्रांचं वांझ झाड होतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं एकेए-7 सारखं वाण यातलंच. पाऊस लांबला तरी तग धरतं, तुडतुड्यांचाही त्रास कमी. पण बोंड बारीक, धागा आखूड, आणि फुटलेला कापूस लवकर खाली गळतो म्हणून वेचणी सारखी सारखी करावी लागते, बाया अशा वावरात यायला खुश नसतात हेही खरंच. परभणीला लांब धाग्याचे देशी वाण निघाले, पण बी गावापर्यंत यायला पाहिजे ना.

देशी-देशीचा संकर मात्र होतो, म्हणून एकाच शिवारात दोन वाणं जवळजवळ लावू नये. त्यापेक्षा बरड जमिनीच्या गावानं एक धरावं, काळ्या भारी जमिनीच्या गावानं दुसरं, म्हणजे वाणंही टिकतात आणि देवाणघेवाणही होते. वेगळी झाडं दिसली तर फुलायच्या आधीच उपटायची, आणि बियाण्याचा कापूस जिनिंगला टाकायचाच नाही, तिथं सगळ्यांची सरकी एक होते, तेवढी हातानं काढलेली बरी. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं घरचं बी ठेवायला, बदलायला, विकायलाही मुभा आहे, फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.