कंदिलाचा हेलकावा

दाभोळची खाडी रात्री तरीने ओलांडताना तांडेलाच्या डोक्यावर आकडीला कंदील टांगलेला असायचा. लाटेसरशी होडी कलायची, फळ्या कुरकुरायच्या, कंदील मात्र ओळंब्यात. नीट बघितलं तर तोही बारीक हलत असे. धोपाव्याला सगळे उतरले तरी हेलकावा चालूच.

अ‍ॅक्सिऑन हा अजून हाती न लागलेला सूक्ष्म कण मला कळला तो या कंदिलामुळे.

न्यूट्रॉनचा एकूण विद्युतभार शून्य, पण पोटात क्वार्क नावाचे भारित कण. त्यांना बांधणाऱ्या तीव्र बलाच्या समीकरणांत थीटा नावाचा एक कोन आहे. तो शून्य नसेल, तर न्यूट्रॉनची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असायला हवी. दशकानुदशकं मोजूनही तसं दिसलेलं नाही. म्हणजे थीटा असलाच, तर एकाच्या हजार कोटीव्या भागाहूनही लहान. इतकं शून्य नुसत्या योगायोगानं येतं, हे माझ्या मनाला पटत नाही.

1977 मध्ये रॉबर्टो पेच्चेई आणि हेलन क्विन यांनी सुचवलं, की हा कोन ठोकून बसवलेला नाहीच. तो टांगलेला आहे, आपसूक ओळंब्यात येतो. टांगलेलं ते हलणारच, आणि ते हलणं म्हणजे एक नवा कण, हे पुढच्याच वर्षी स्टीव्हन वाइनबर्ग आणि फ्रँक विल्चेक यांनी दाखवलं. सिद्धांतावरचा डाग धुणारा म्हणून विल्चेकनी त्याला कपडे धुण्याच्या एका पावडरीचं नाव दिलं: अ‍ॅक्सिऑन.

विश्वाच्या बालपणीचा तो हेलकावा अजून चालू असेल, तर कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातलं न दिसणारं द्रव्य, तेच असू शकतं. सिएटलचा एडीएमएक्स प्रयोग बलाढ्य चुंबकात धातूची पोकळी ठेवून, रेडिओचं बटण फिरवावं तसा तो शोधतोय. सेकंदाला 60-70 कोटी हेलकाव्यांपासून वर.

पण हेलकावा किती वेगाचा धरून शोधायचा? इथे महाएकीकरण येतं. 1974 मध्ये हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लॅशो यांनी मांडलं, की प्रचंड ऊर्जेला विद्युतचुंबकी, क्षीण आणि तीव्र ही तिन्ही बलं एकच होतात. त्यातून प्रोटॉनही नश्वर ठरला. त्याचं मरण टिपायला आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, यंत्रं मांडली होती. जपानमध्ये 50 हजार टन पाण्यावर आजही पहारा आहे. प्रोटॉन शाबूत आहे.

अ‍ॅक्सिऑनचा उगम त्याच ऊर्जेला असेल, तर दोरी फार लांब आणि झोका फार संथ: सेकंदाला जेमतेम दीड लाख, मीडियम वेव्हच्याही खाली. तेवढ्या संथ रेडिओ लहरीची लांबी दोन किलोमीटर. तेवढी पोकळी बांधणार कोण? म्हणून तिथे तारेचं वेटोळं आणि कपॅसिटर वापरतात. जुन्या ट्रान्झिस्टरच्या पोटात असायची तीच जोडी, फक्त निरपेक्ष शून्याजवळ थंड केलेली.