पाणी किती फुटावर?

राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात, कुणी कळ दाबावी लागत नाही. ते उघडले की कोल्हापुरात ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटावर? ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.

समजा, चिखलीच्या एखाद्या ऊसवाल्याचा पूरविमा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या नोंदींच्या साखळीवर, उतरवला. पाणी ४३ फुटांवर गेलं की पैसे आपोआप खात्यात. दिसायला हा करार राधानगरीच्या दरवाजासारखाच. पण दरवाजाला पाणी स्वतः भिडतं. कराराला ते कुणीतरी येऊन सांगावं लागतं.

अशा आपोआप अमलात येणाऱ्या कराराची, म्हणजे स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची, कल्पना संगणकतज्ज्ञ निक साबो यांनी १९९०च्या दशकात मांडली. नाणं टाकलं की वस्तू देणारं यंत्र, हे त्यांचं उदाहरण. तिथं नाणं यंत्राच्या पोटातच पडतं, त्यामुळे प्रश्न येत नाही. जुलै २०१५मध्ये असे करार चालवणारी इथेरियम ही ब्लॉकचेन सुरू झाली आणि अडचण समोर आली. तिथं प्रत्येक व्यवहाराचा हिशेब अनेक संगणक पुन्हा करून पाहतात आणि सगळ्यांचं उत्तर तंतोतंत जुळावं लागतं. एकानं वेबसाइटवर ४२ फूट ११ इंच वाचलं, दुसऱ्यानं मिनिटभरानं ४३, की बिघडलंच. म्हणून बाहेरचा आकडा आधी साखळीवर नोंदवायचा आणि करारानं तोच वाचायचा. नोंदवणारा तो ओरॅकल. शब्दाचा मूळ अर्थ देवाचा कौल. आपल्याला काही नवा नाही.

सुरुवातीच्या ओरॅक्लाइझसारख्या सेवा आकड्यासोबत पुरावा देत, पण तो ‘साइटवर हेच होतं’ एवढ्यापुरता. साइटच चुकली असेल तर? जून २०१९मध्ये इथेरियमवरच्या सिंथेटिक्स या सौद्यांच्या मंचावर कोरियन वॉनचा भाव असाच चुकून हजारपट आला आणि एका बॉटनं, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमनं, त्यावर धडाधड सौदे केले. बोलणी करून ते मागे फिरवावे लागले. त्याच्या महिनाभर आधी चेनलिंक ही ओरॅकल सेवा इथेरियमवर सुरू झाली होती: अनेक नोड, म्हणजे वेगवेगळ्यांचे संगणक, भाव आणतात, मधला आकडा धरला जातो. एखाद्यानं ४१च्या जागी ४१० कळवलं तरी फरक पडत नाही.

फेब्रुवारी २०२०मधलं बीझीएक्स या इथेरियमवरच्या कर्ज-मंचाचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. तिथं आकडा खोटा नव्हता. उलाढाल कमी असलेल्या बाजारात भावच क्षणभर हलवला होता. म्हणजे वाचणारा खरं बोलतोय, पण पाणी मोजायच्या पट्टीजवळ कुणीतरी घागर ओततोय.

चिखलीच्या विम्यासाठी दहा नोड सहज मिळतील. पण दहाही जण आकडा घेणार कसबा बावड्याजवळच्या त्याच बंधाऱ्यावरून, त्याच पट्टीवरचा.